धक्क्यावाचून नौका

घाटावरच्या धनिकाला अलीकडे समुद्राची ओढ लागली आहे. आधी त्याने गावाबाहेर फार्महाउस घेतले, मग द्राक्षमळ्याच्या कडेला बंगला बांधला, मग अलिबागेकडे किंवा गोव्यात एक घर केले. आता त्या घरासमोरच्या पाण्यात त्याला स्वतःची नौका हवी आहे. मासेमारीची होडी नव्हे, माणसे वाहणारी लाँच नव्हे, तर यॉट. आमच्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीत (अंबड म्हणजे नाशिकचे, जालन्याचे नव्हे) हा विषय आता चहाच्या टेबलावर येऊ लागला आहे. कोणी दुबईत पाहून आलेला असतो, कोणी मांडव्याला मित्राच्या नौकेवर जाऊन आलेला असतो. किंमत, लांबी, इंजिनाची शक्ती यांची चर्चा होते. आणि मग विकणाऱ्याच्या तोंडचे ते ठरीव वाक्य कोणीतरी आपलेच असल्यासारखे म्हणतो: किनारा निसर्गरम्य आहे आणि स्थानिक संस्कृती अतिशय समृद्ध आहे.

माझे भांडण त्या वाक्याशी आहे, हौसेशी नाही. हौसेला मोल नसते आणि दुसऱ्याच्या हौसेचे हिशेब तपासण्यात फारसे पुण्यही नसते. परंतु ‘समृद्ध स्थानिक संस्कृती’ हे शब्द जेव्हा विक्रीच्या वस्तूला लावलेली झालर म्हणून येतात, तेव्हा त्या संस्कृतीत नेमके काय आहे, ते कोणाचे आहे आणि नौका तिथे नांगरली की त्याचे काय होते, हे विचारणे भाग आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: नौका खुशाल खासगी असावी, धक्का मात्र सगळ्यांचा असला पाहिजे. ज्याला धक्क्याची फिकीर नाही, त्याने किनाऱ्याच्या संस्कृतीचे नाव घेऊ नये.

आधी शब्दाकडे पाहू. ‘यॉट’ हा मूळ डच शब्द. त्याचा अर्थ शिकार, पाठलाग. सतराव्या शतकात डच लोक आपल्या उथळ किनाऱ्यावर चाच्यांच्या मागे धावायला ज्या हलक्या, वेगवान नावा वापरत, त्यांना हे नाव पडले. १६६० साली दुसरा चार्ल्स इंग्लंडच्या गादीवर परतला तेव्हा अ‍ॅमस्टरडॅमकरांनी त्याला अशी एक नाव नजर केली आणि तिथून कामाची ही नाव राजेलोकांच्या विलासाची झाली. शर्यती आल्या, क्लब आले. मुंबईचा यॉट क्लब १८४६ चा. म्हणजे आपल्या किनाऱ्यावर हा शब्द आला तोच मुळी काम सोडून, मौज घेऊन.

आता आपल्याकडचे शब्द घ्या. ‘नाखवा’ फारसीतून आलेला, ‘सुकाणू’ आणि ‘खलाशी’ अरबीतून आलेले. ‘गुराब’ हे आंग्र्यांच्या आरमारातले जहाज. तेही अरबी, मूळ अर्थ कावळा. या शब्दांवरून एक गोष्ट स्पष्ट व्हावी. कोकणची दर्यावर्दी संस्कृती ही ज्याला आज ‘स्थानिक’ म्हणून बाटलीत भरून विकले जाते तशी बंदिस्त वस्तू कधीच नव्हती. मस्कत, सुरत, गोवा, मलबार यांच्याशी रोजचा व्यवहार करता करता ती घडली. परक्याचा शब्द तिने घेतला, परक्याचे तंत्रही घेतले. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी हाती आल्यावर शिवाजी महाराजांनी गलबते बांधायला घेतली तेव्हा त्या कामावर पोर्तुगीज कारागीर होते, हे प्रसिद्धच आहे. तेव्हा ‘परदेशी यॉट आमच्या पवित्र पाण्यात नको’ असला सोवळा आक्षेप मी घेत नाही. घेतला तर तो कोकणच्या इतिहासाशीच बेइमानी ठरेल. प्रश्न नाव परकी असण्याचा नाही. आलेली नाव इथल्या व्यवहारात शिरते की त्याच्याकडे पाठ करून नुसती उभी राहते, हा प्रश्न आहे.

आणि पाठ करण्याची सवय आम्हा घाटावरच्यांची जुनी आहे. नाशिकहून पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरांहून थोडाच अधिक दूर असेल. तरी त्र्यंबकला उगवलेली गोदावरी त्याच्याकडे न वळता पूर्वेला निघते आणि सुमारे दीड हजार किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. त्याच डोंगरांतून निघणारी वैतरणा मात्र पश्चिमेला उतरते. आमचे राजकारण बहुधा गोदावरीच्या वळणाचे. फेब्रुवारी १७५६ मध्ये विजयदुर्गावर काय झाले ते आठवावे. तुळाजी आंग्रे पेशव्यांना जुमानत नव्हता हे खरे. पण त्याला नमवण्यासाठी पुण्याने इंग्रजांचे आरमार बोलावले, वॉटसन आणि क्लाइव्ह आले आणि मराठ्यांचे सर्वांत बळकट आरमार बंदरातल्या बंदरात जळून गेले. घाटावरून पाहिले तर ती एका उद्दाम सरदाराची खोड मोडणे होती. किनाऱ्यावरून पाहिले तर ती शंभर वर्षांच्या कारागिरीची राख होती. समुद्र म्हणजे सत्तेचा वा मालमत्तेचा एक तुकडा, त्यावर राबणारी माणसे आणि त्यांचे कसब ही गौण बाब, अशी ही दृष्टी आहे. आज ती तोफा घेऊन येत नाही, गिऱ्हाईक होऊन येते, एवढाच फरक.

मग ही ‘समृद्ध संस्कृती’ म्हणजे काय? गिऱ्हाइकाला ती दिसते ती नारळीपौर्णिमेच्या मिरवणुकीत, कोळीगीतांत, तळलेल्या सुरमईत आणि किल्ल्याच्या तटावर. ही सगळी फळे आहेत. झाड दुसरीकडे आहे. नारळीपौर्णिमेला समुद्राला नारळ का देतात? कारण त्याआधीचे दोन महिने समुद्र बंद असतो. आज कायद्याने पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी यांत्रिक मासेमारीला बंदी आहे. पण कायदा येण्याच्या कितीतरी आधी कोळ्यांनी हा बंद स्वतःवर घालून घेतलेला होता. उधाणात नाव बुडते हे एक कारण. माशांच्या विणीला अवसर मिळतो हे दुसरे. त्या काळात नावा वर ओढायच्या, झापांनी शाकारायच्या, जाळी दुरुस्त करायची. म्हणजे ज्याला आपण सण म्हणतो तो संयमाच्या शेवटी येतो. संयम वगळून नुसता सण विकत घेता येत नाही.

मालवणची रापण घ्या. होडीतून जाळे समुद्रात अर्धवर्तुळात टाकायचे आणि त्याची दोन्ही टोके किनाऱ्यावर उभ्या राहिलेल्या माणसांनी ओढायची. दोघा-चौघांचे हे काम नव्हे. तीस-चाळीस माणसे लागतात. मिळालेल्या मासळीत जाळ्याचा वाटा, होडीचा वाटा, ओढणाऱ्याचा वाटा ठरलेला असतो. दोराला येऊन हात लावणाऱ्यालाही रिकाम्या हाताने पाठवत नाहीत. या पद्धतीला लागते ती एकच मालमत्ता, आणि ती कोणाच्याच नावावर नसते: मोकळी पुळण आणि तिच्यासमोरचे मोकळे उथळ पाणी. ते मोकळे असेल तर रापण आहे. तिथे नांगर, साखळ्या आणि तरंगते पूल आले की रापण नाही. यात कोणाच्या वाईट हेतूचा प्रश्नच येत नाही. जाळे ओढताना मध्ये काही असून चालत नाही, एवढी ही साधी गोष्ट आहे.

ही माणसे गेली चाळीस-पन्नास वर्षे त्या मोकळ्या पाण्यासाठीच भांडत आली आहेत. गोव्यात रापणकारांचे आंदोलन १९७०च्या दशकात उभे राहिले ते किनाऱ्यालगत घुसणाऱ्या ट्रॉलरांविरुद्ध. त्यानंतर गोव्यात १९८० चा आणि महाराष्ट्रात १९८१ चा सागरी मासेमारी नियमनाचा कायदा आला. मालवणला १९८७ मध्ये सागरी अभयारण्य जाहीर झाले तेव्हा विरोध झाला. पर्ससीन जाळ्यांवर महाराष्ट्रात फेब्रुवारी २०१६ मध्ये निर्बंध आले ते पारंपरिक मच्छीमारांच्या दीर्घ तगाद्यानंतरच. याही भांडणांत कोळी विरुद्ध कोळी, लहान विरुद्ध मोठा असे पेच आहेत. मी त्यांना देवमाणसे ठरवत नाही. पण संस्कृती म्हणजे काय याचे उत्तर हवे असेल तर ते या कज्ज्यांच्या कागदपत्रांत आहे. कोणी कुठे, केव्हा, कशाने मासे धरावेत आणि किनारा कोणाला किती वापरता यावा याविषयीची समजूत, तिचे नियम आणि त्या नियमांसाठीची झुंज. लोकनृत्य हा त्याचा परिशिष्ट-भाग झाला.

आता नौकेकडे वळू. अंबडच्या माणसाला एक गोष्ट कोणी शिकवायला नको: यंत्र विकत घेणे सोपे असते, ते चालते ठेवणे अवघड असते. नौकेच्या बाबतीत हे दुप्पट खरे. किमतीच्या दहाव्या हिश्शाइतका खर्च दरवर्षी देखभालीला लागतो, असा एक ढोबळ आडाखा जगभर नौकामालकांत चालतो. खारे पाणी धातू खाते, ऊन रंग खाते, बुडाला शेवाळ आणि कालवे धरतात. शिडाची यॉट असेल तर तिचा तळ पाण्यात खोल उतरतो. सहा-सात फूट पाणी ओहोटीलाही हवे. मुंबई-रायगडच्या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतले अंतर चार मीटरच्या घरात जाते. कोकणच्या पुष्कळ खाड्या गाळाने उथळ झाल्या आहेत. पावसाळ्यात नौका वर काढावी लागते आणि त्यासाठी उतार, क्रेन, जागा लागते. राखणीला माणूस लागतो, चालवायला तांडेल लागतो. मालक तर महिन्यातून दोन दिवस येणार.

म्हणजे नौका घेणारा प्रत्यक्षात काय मागतो आहे? खोल पाणी, आडोसा, धक्का, उतार, किनाऱ्याची जागा. यांपैकी एकही गोष्ट नौका विकणाऱ्याच्या दुकानात मिळत नाही. त्या सगळ्या किनाऱ्याच्या सामाईक मालकीच्या आहेत. आडोशाचे खोल पाणी कोकणात मोजक्या जागी आहे आणि जिथे ते आहे तिथे शेकडो वर्षांपासून कोळीवाडा आहे. कारण कोळ्यालाही नेमके तेच लागते. एकाच जागेवर दोघे हक्क सांगतात तेव्हा एकाकडे खरेदीखत असते, वकील असतो, मंत्रालयात ओळख असते. दुसऱ्याकडे वहिवाट असते. निकाल काय लागेल हे सांगायला ज्योतिषी नको.

हे नुसते भय नव्हे. झुआरी नदीच्या मुखाजवळ गोव्यात नावशी नावाचे गाव आहे. तिथल्या उपसागरात मरीना, म्हणजे नौकांचा खासगी तळ, बांधायचा बेत आला. नावशी, काकरा, बांबोळी, ओडशेल इथल्या मच्छीमारांनी त्याला वर्षानुवर्षे विरोध केला. त्यांचे म्हणणे सरळ होते: या उथळ पाण्यात आमची शिंपल्या-तिसऱ्यांची खाण आहे, आमच्या होड्यांची वाट आहे, ते गेले तर आम्ही कुठे जायचे? विरोधकांना विकासाचे वैरी म्हणण्याची चाल तिथेही खेळली गेली. दुसरीकडे किनारा नियमनाचे नियम पाहा. १९९१ ची अधिसूचना, मग २०११ ची, मग २०१९ ची. या शेवटच्या अधिसूचनेने दाट लोकवस्तीच्या ग्रामीण भागात बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून २०० मीटरांवरून ५० मीटरांवर आणला. स्वतःच्या कोळीवाड्यात घर वाढवू पाहणाऱ्यालाही त्याचा थोडा लाभ होतो, हे मान्य. पण त्या मोकळ्या झालेल्या दीडशे मीटरांत बांधायची ऐपत कोणाची आहे, हेही पाहायला हवे.

येथवर येताच काही आक्षेप येतील. ते आधीच घेऊन टाकतो.

पहिला आक्षेप: पैसा त्याचा, कर तो भरतो, तुमच्या पोटात का दुखते? कर तो भरतो हे खरे. २२ सप्टेंबर २०२५ पासून मौजेच्या नौकांवर ४० टक्के वस्तू व सेवा कर आहे. मासेमारीच्या बोटीवर ५ टक्के. राज्यव्यवस्थेला या दोन नावांतला फरक कळतो, याचा मला आनंदच आहे. पण करात धक्क्याचे भाडे येत नाही, वहिवाटीची किंमत तर नाहीच. आणि अंबडच्या उद्योजकाने हा आक्षेप घेऊ नये अशी माझी विशेष विनंती आहे. तो ज्या भूखंडावर उभा राहिला तो औद्योगिक विकास महामंडळाने आखून दिलेला. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या त्या महामंडळाने भूमी संपादन केली, रस्ते केले, पाणी आणले, म्हणून लहान शेडमध्ये लेथ टाकून सुरुवात करणारा माणूस कारखानदार झाला. ज्यांच्या जमिनी गेल्या ते शेतकरी आजूबाजूलाच राहतात. म्हणजे त्याच्या उद्योगाचा धक्का सार्वजनिक पैशाने आणि दुसऱ्याच्या जमिनीवर बांधलेला होता. रस्त्यात खड्डा पडला की महामंडळाच्या दारी शिष्टमंडळ घेऊन जाणारा हाच माणूस समुद्रावर गेल्यावर सगळे काही स्वकष्टार्जित कसे होते?

दुसरा आक्षेप रोजगाराचा. नौका आल्या की खलाशांना काम मिळेल, कोळ्यांच्या मुलांना गणवेश आणि पगार मिळेल. मिळेलही. ज्याला ते हवे त्याने खुशाल घ्यावे. कोळ्याच्या पोराने कोळीच राहावे असे म्हणणारा मी कोण? मात्र ज्याच्या बापाकडे स्वतःची नाव होती त्याला दुसऱ्याच्या नावेवर चाकर करणे याला ‘रोजगारनिर्मिती’ म्हणताना पूर्वीची मालकी हिशेबात वजा करावी. मालक नाखवा होता आणि मुलगा डेकवर पेले भरतो आहे, तर जमाखर्चाच्या वहीत ते दोन्ही रकाने दिसायला हवेत.

तिसरा आक्षेप जरा वजनदार आहे. यॉट ही किरकोळ गोष्ट. खरे संकट मोठ्या बंदरांचे आहे. डहाणूजवळ वाढवण बंदराचे भूमिपूजन ३० ऑगस्ट २०२४ रोजी झाले, खर्चाचा अंदाज ७६ हजार कोटींचा. त्यापुढे दहा-वीस नौकांचे काय घेऊन बसलात? हे मला मान्य आहे आणि वाढवणविषयी स्वतंत्रपणे भांडायलाच हवे. पण बंदराच्या बाजूने निदान सार्वजनिक हिताचा युक्तिवाद करावा लागतो. तो खरा की खोटा हे तपासता येते, न्यायालयात जाता येते. यॉटच्या बाजूने असा युक्तिवादच नाही. तिथे आहे ती केवळ ‘निसर्गरम्य’ आणि ‘समृद्ध’ ही विशेषणे. म्हणून ती विशेषणे अधिक बारकाईने तपासावी लागतात.

मी नौकाद्वेष्टा नाही हे सांगायला एक उदाहरण पुरेसे आहे. १९ ऑगस्ट २००९ रोजी कमांडर दिलीप दोंदे मुंबईहून एकटे निघाले आणि मे २०१० मध्ये पृथ्वीप्रदक्षिणा करून परतले. शिडाच्या नौकेतून एकट्याने जगप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय. त्यांची नौका ‘म्हादेई’ ही ५६ फुटी यॉटच होती. संकल्पचित्र डच होते आणि बांधली गेली ती गोव्यात, दिवाडी बेटावर, रत्नाकर दांडेकर यांच्या कारखान्यात. नाव दिले ते गोव्याच्या नदीचे. त्याच नौकेतून २०१२-१३ मध्ये अभिलाष टॉमी कुठेही न थांबता जग फिरून आले. त्याच कारखान्यातून पुढे ‘तारिणी’ निघाली आणि २०१७-१८ मध्ये नौदलाच्या सहा स्त्रिया तिच्यातून प्रदक्षिणा करून आल्या. मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालेली ‘कौंडिण्य’ तर फळ्या दोराने शिवून बांधलेली, प्राचीन पद्धतीची नौका. केरळच्या कारागिरांनी ती गोव्यात शिवली.

इथे परक्याचे संकल्पचित्र आले, इथल्या हातांनी ते आत्मसात केले, त्यातून एक कारखाना मोठा झाला आणि किनाऱ्यावरचे कसब एका पिढीतून दुसऱ्या पिढीत गेले. हे नेमके गुराबाच्या वंशातले वर्तन आहे. इथे ‘समृद्ध स्थानिक संस्कृती’ हे शब्द उच्चारलेही जात नाहीत, कारण उच्चारायची गरज नसते. उलट आयात केलेली तयार नौका कंटेनरमधून उतरते, तिची दुरुस्ती करायला तंत्रज्ञ परदेशातून येतो आणि गावातल्या सुताराला तिच्याजवळ फिरकूही देत नाहीत. दोन्ही यॉटच, पण एकीने किनाऱ्यात भर टाकली, दुसरीने किनाऱ्याची जागा अडवली.

कसबाला पाठ आणि देखाव्याला दंडवत, ही आपल्या सार्वजनिक जीवनाची रीतच झाली आहे. मालवणला राजकोटावर महाराजांचा पुतळा ४ डिसेंबर २०२३ रोजी, नौदल दिनी, मोठ्या थाटात उभा राहिला आणि २६ ऑगस्ट २०२४ रोजी कोसळला. २०२५ मध्ये तिथे नवा, अधिक उंच पुतळा उभा केला गेला. आरमाराच्या संस्थापकाचे स्मरण आपण पुतळ्याने करतो. त्याने ज्या सुतारांकडून, लोहारांकडून, कोळी-भंडाऱ्यांकडून आरमार उभे केले त्यांच्या वंशजांच्या होड्या लावायला त्याच किनाऱ्यावर धड उतार आहे की नाही, हे कोणी विचारत नाही.

आणि आता मूळ मुद्दा: धक्का. कोकणचा समुद्र एके काळी सामान्य माणसाचा हमरस्ता होता. मुंबईहून आगबोटीने बंदरोबंदरी जायचे, पुढे खाडीतून लाँचने किंवा पडावाने गावी पोहोचायचे. श्री. ना. पेंडशांच्या कादंबऱ्यांतले जग या खाड्यांच्या काठावरचे आहे. रस्ते आले, १९९८ मध्ये कोकण रेल्वे पूर्ण झाली. प्रवासी आगबोटी त्याआधीच थांबल्या होत्या. जलमार्ग सामान्यांच्या हातून गेला आणि आता तोच विरंगुळ्याचे पाणी म्हणून धनिकाच्या हाती येऊ पाहतो आहे. २०२० मध्ये भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला मोटारी नेणारी रो-रो सुरू झाली ही चांगली गोष्ट आहे. पण दाभोळ, बाणकोट, जयगडच्या खाड्यांत माणसाला रोज जा-ये करण्याजोगी सेवा किती आणि धक्के कसे आहेत, ते जाऊन पाहावे.

धक्क्याची आणि सुरक्षिततेची हेळसांड काय करते हे दोन तारखा सांगतात. १७ जुलै १९४७ रोजी भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काशाच्या खडकाजवळ बुडाली; सहाशेहून अधिक माणसे गेली. जी वाचली त्यांतल्या पुष्कळांना मासेमारीला निघालेल्या कोळ्यांनी पाण्यातून वर काढले. १८ डिसेंबर २०२४ रोजी गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचला नौदलाची वेगवान बोट येऊन धडकली, पंधराजण मेले. सत्त्याहत्तर वर्षांच्या अंतराने, त्याच पाण्यात. दोन्ही वेळी मेले ते बहुतेक तिकीट काढून बसलेले लोक.

त्या ‘रामदास’च्या प्रवाशांनी ज्या धक्क्यावरून बोट धरली, त्याचे नाव मुंबईत आजही रोज हजारांच्या तोंडी असते. भाऊ अजिंक्य नावाच्या मराठी गृहस्थाने तो १८४१ च्या सुमारास बांधला. धर्मार्थ बांधला असे मी म्हणत नाही. तो व्यवहारी माणूस होता. पण त्याने समुद्राशी केलेला व्यवहार असा होता की ज्यात बोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाला पाय टेकायला जागा मिळाली. त्याच काळात मुंबईच्या बंदरात साहेबलोकांच्या ऐटदार नौका होत्याच. त्यांच्या मालकांची नावे आज शोधावी लागतील. भाऊचे नाव मासळीच्या पाट्या वाहणाऱ्या बाईलाही ठाऊक असते.

म्हणून अंबडच्या, सातपूरच्या, चिंचवडच्या, कुठल्याही घाटावरच्या खरेदीदाराला माझे सांगणे असे. नौका घ्यायचीच असेल तर चार अटी स्वतःवर घालून घ्या. ती या किनाऱ्यावर, इथल्या कारखान्यात बांधून घ्या. नाही जमले तर तिची दुरुस्ती तरी इथल्या हातांना शिकू द्या. चालवणाऱ्याला बारमाही पगार, विमा आणि तांडेलाचा मान द्या. बंदीच्या दोन महिन्यांत, मासे वितात तेव्हा, तुमचेही इंजिन बंद ठेवा, मग कायद्याने तुम्हांला सूट असो वा नसो. आणि शेवटची, सर्वांत महत्त्वाची: खासगी मरीनाची मागणी करू नका. त्याऐवजी ज्या गावात नौका ठेवणार तिथला सार्वजनिक धक्का दुरुस्त व्हावा, उतार व्हावा, गाळ निघावा यासाठी तुमचे वजन खर्च करा, जमल्यास पैसाही. तिथे पहिली जागा मासेमारीच्या होडीला, दुसरी प्रवासी लाँचला आणि तिसरी तुमच्या नौकेला. रांगेत तिसरे उभे राहायला कमीपणा वाटत असेल तर तुम्हांला समुद्र नको आहे. तुम्हांला समुद्राकाठचा भूखंड हवा आहे आणि तोही पाण्यावर.

आणि किनाऱ्यावरच्या ग्रामपंचायतींना, मच्छीमार सोसायट्यांना एवढेच सांगायचे: कोणी तुमच्या संस्कृतीची स्तुती करीत आला तर त्याचे स्वागत करा, चहा द्या, आणि मग विचारा की नौका बांधणार कुठे. उत्तर धक्क्याविषयीचे असेल तर पुढे बोला. ते दृश्याविषयीचे असेल तर चहापुरताच पाहुणचार पुरे.